वाट शोधून देणारा माणूस : एड्सगर डायक्स्ट्रा

बुऱ्हाणपूर सोडून धूलकोटच्या बाजूला सातपुड्यात शिरले की मोबाइलचा लपंडाव सुरू होतो. एका वळणावर रेंज येते, पुढच्या वळणावर जाते. डोंगर आड आला की रेडिओलहरींचे फारसे काही चालत नाही. अशा मुलखासाठी अभियंत्यांनी एक तोड काढली आहे, तिला मेश नेटवर्क म्हणतात. सगळी मदार एका उंच टॉवरवर न ठेवता घराघरांच्या छपरांवर लहान रेडिओ बसवायचे आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचा निरोप पुढच्या शेजाऱ्याकडे पोचवायचा. आपल्या कुंडी भंडाऱ्यात पाणी भुयारातून एका कुंडीखालून पुढच्या कुंडीखाली सरकते, तसेच काहीसे. पण पाण्याला उतार वाट दाखवतो. निरोपाला वाट कोणी दाखवायची? हा हिशेब ज्यांनी घालून दिला ते डच गणिती एड्सगर डायक्स्ट्रा. गंमत म्हणजे त्यांनी तो केला तेव्हा अशी जाळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितात पारंगत. मुलाला मात्र कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावेसे वाटे. शाळेतले गुण पाहून घरच्यांनी त्याला विज्ञानाकडे वळवले आणि तो लायडनला भौतिकशास्त्र शिकू लागला. १९५१ साली केंब्रिजला संगणकाचा एक छोटा अभ्यासक्रम केला आणि पुढल्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून नोकरी धरली. तेव्हा हा शब्दच लोकांना ठाऊक नव्हता. १९५७ मध्ये लग्नाची नोंद करताना त्यांनी व्यवसाय म्हणून प्रोग्रामर लिहिले, तर ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी असा काही धंदा नसतो म्हणून ते नाकारले. नाइलाजाने सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. केंद्रात आरमॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता. पाहुण्यांना तो दाखवायचा तर सामान्य माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता. डायक्स्ट्रा यांनी निवडलेला प्रश्न साधा होता : एका शहरातून दुसऱ्या शहरात जायची सर्वांत जवळची वाट कोणती? वाग्दत्त वधू रिया हिच्याबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघे एका कॅफेच्या अंगणात कॉफी प्यायला बसले होते. तिथे वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, रीत सापडली.

ती अशी. आपल्या गावापासून सुरुवात करायची. शेजारच्या गावांतले सर्वांत जवळचे गाव पक्के करायचे. त्या गावावरून पुढची गावे किती लांब पडतात ते पाहायचे. आधीपेक्षा आकडा कमी भरला तर नवा मांडायचा. मग उरलेल्यांतले सर्वांत जवळचे पक्के. मुक्कामाचे गाव पक्के झाले की थांबायचे. पक्के केलेले गाव पुन्हा उघडावे लागत नाही, हीच त्यातली गोम. प्रात्यक्षिकासाठी हॉलंडचा ६४ शहरांचा नकाशा वापरला होता.

हे छापायला तीन वर्षे लागली. वाटांची संख्या मर्यादितच, मग त्यात गणित ते काय, असा तेव्हाचा समज. १९५९ साली आलेला लेख जेमतेम तीन पानांचा आहे. आज मेश जाळ्यातील अनेक रेडिओ भोवतालचा नकाशा स्वतःजवळ ठेवतात आणि हीच रीत पुन्हापुन्हा चालवतात. तिथे अंतर मैलांत मोजून भागत नाही. निरोप पोचायला सरासरी किती वेळा धाडावा लागतो, ते त्या वाटेचे अंतर. पावसाळ्यात झाडे ओल्या पानांनी भरली की जवळचा शेजारीही लांबचा होतो.

त्यांचे नाव या रीतीमुळे झाले, १९७२ साली ट्यूरिंग पुरस्कारही मिळाला. पण माझ्या मते जाळ्यांसाठी त्यांचे याहून मोठे देणे १९७४ चे आहे. एका वर्तुळात काही यंत्रे आहेत, प्रत्येकाला फक्त शेजारी दिसतो, वर देखरेख करणारा कोणी नाही. सगळी विस्कटलेल्या अवस्थेत सुरू झाली, तरी आपापला छोटा नियम पाळून ती ठरावीक पावलांत ताळ्यावर येतील का? येतील, हे त्यांनी नियम मांडून दाखवले. वादळात चार छपरांवरचे रेडिओ गेले, तर उरलेल्यांनी कोणाला न विचारता सावरावे, ही अपेक्षा इथूनच सुरू होते. हा लेख मात्र जवळजवळ दशकभर पडून राहिला. १९८३ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेत त्याचे महत्त्व सांगितले, तेव्हा लोक तो वाचू लागले.

स्वभाव सरळ नव्हता. ढिसाळ काम करणाऱ्याला तोंडावर सुनावत, त्यामुळे दुखावलेलेही पुष्कळ. स्वतः मात्र संगणक फारसा जवळ बाळगला नाही. अनेक वर्षे फाउंटन पेनाने सुबक अक्षरात टिपणे लिहिली. त्यांचे क्रमांक तेराशेच्या पुढे गेले. प्रती काढून ते मोजक्या स्नेह्यांना टपालाने धाडत, ते आणखी प्रती काढून आपल्या ओळखीच्यांना देत, आणि अशी ती जगभर पोचत.

१९८४ पासून टेक्सासमध्ये शिकवून ते अखेरीस हॉलंडमधल्या न्यूनेन गावी परतले. २००२ च्या उन्हाळ्यात १९७४ च्या त्याच लेखाला पुरस्कार मिळाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ ऑगस्टला, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षीपासून तो पुरस्कार डायक्स्ट्रा यांच्या नावाने दिला जातो.