मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड

म्हापशाहून शिवोलीच्या बाजूने शापोरा नदी ओलांडली की पेडणे महाल लागतो. त्या महालातील मांद्रे या समुद्रकाठच्या गावी १८२२ साली रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड या नावाने ते सर्वश्रुत झाले. पेशाने ते डॉक्टर. परंतु एका माणसाच्या आयुष्यात किती व्यासंग सामावू शकतात, याचे त्यांच्याइतके ठळक उदाहरण गोमंतकाच्या इतिहासात विरळाच.

घरच्या ओढगस्तीमुळे लाड कुटुंब मुंबईस गेले. या मुलाचे बुद्धिबळातील कसब पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिकविण्याचा आग्रह वडिलांना केला, असे सांगतात. एल्फिन्स्टन विद्यालयात शिकून भाऊ तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालकन्याहत्येवरील त्यांच्या निबंधास सरकारी पारितोषिक लाभले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाल्यावर हातची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१ मध्ये पहिल्या तुकडीतून पदवीधर होऊन बाहेर पडले. बंधू नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

दवाखान्याबाहेरचा त्यांचा पसारा थक्क करणारा होता. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुलींच्या शाळांना त्यांनी पाठबळ दिले. विष्णुदास भावे १८५३ मध्ये नाटके घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या पाठीराख्यांत भाऊ होते. छायाचित्रणाची कला मुंबईत नवी असताना दोघे बंधू तिच्यात रमले. १८६९ व १८७१ अशी दोनदा मुंबईची नगरपाली भाऊंकडे आली.

मात्र त्यांचे खरे वेड प्राचीन भारताच्या इतिहासाचे. ऐकीव माहितीवर विसंबावयाचे नाही, मूळ लेख डोळ्यांनी पाहावयाचा, हा त्यांचा शिरस्ता होता. अजिंठ्याचे लेख आणि जुनागढचा रुद्रदामनाचा शिलालेख यांचे त्यांनी वाचन व भाषांतर केले. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील, भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख त्यांनीच उजेडात आणला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त यांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जुनागढचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८६१ मध्ये आपल्याकडे आणून त्यांनी देशभर लेखांचे ठसे घेण्यास धाडले. तेच पुढे मोठे पुराभिलेखज्ञ म्हणून गाजले.

या सर्व उद्योगांना पैसा लागे आणि तो वैद्यकीच्या मिळकतीतून येई. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील शेअरांच्या सट्ट्याचा डोलारा ढासळला. त्यात भाऊंचीही संपत्ती बुडाली. अन्यत्र इतके काटेकोर असलेले हे गृहस्थ त्या लाटेत वाहून गेले, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. तरी त्यानंतरही त्यांचे संशोधन थांबले नाही. कडू कवठाच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोगावर ते उपचार करीत. पण आपल्या अनुभवाचा समग्र वृत्तान्त प्रसिद्ध करण्यापूर्वीच, ३१ मे १८७४ रोजी, त्यांचे देहावसान झाले. त्याच जातीच्या तेलाचा वापर पुढे अनेक देशांत कुष्ठरोगावर झाला. भाऊंची टिपणे वेळीच छापली गेली असती, तर त्या अनुभवाचा लाभ कितीतरी रुग्णांना आधीच झाला असता.

द्रव्य गेले, पण जे समाजाच्या स्वाधीन केले होते, ते उरले. ज्याच्या उभारणीसाठी ते जॉर्ज बर्डवुड यांच्यासह झटले, ते भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये लोकांस खुले झाले. १९७५ पासून ते त्यांचे नाव धारण करून उभे आहे. विखुरलेले निबंध १८८८ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांच्या नावाचा हस्तलिखितसंग्रह जतन केलेला आहे आणि अभ्यासक आजही तो चाळतात.

वैभव ओसरल्यावरही मांद्र्याच्या या सुपुत्राचे नाव पोथ्यांनी आणि पुस्तकांनी राखले. ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी त्यांचे स्मरण म्हणूनच उचित होय.