उलटं झालं की श्वास बंद!

तारकर्लीला जाऊन स्कूबा करून आलात ना? फोटो टाकले, लाइक्स मिळाले, झालं. पण पाण्यात उतरण्याआधी इन्स्ट्रक्टरने तोंडात जो रबरी तुकडा कोंबला, त्याला रेग्युलेटर म्हणतात. तुम्ही श्वास ओढलात तेव्हाच त्याने हवा दिली. थांबलात तेव्हा तोही थांबला. खोल गेलात तशी हवेचा दाब त्याने आपोआप वाढवला. हे यंत्र दुसऱ्या महायुद्धात, पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून जमलं असं सांगितलं तर पटेल?

गोष्ट आहे जाक कुस्तोची. लाल लोकरी टोपी, लांब नाक, सडपातळ अंगाचा फ्रेंच माणूस. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनी टीव्हीवर त्याला पाहिलं असेल.

जन्म ११ जून १९१० चा, बोर्दोजवळच्या एका गावातला. पोराला समुद्रापेक्षा आकाशाचं वेड जास्त. नौदलात शिरला तोही वैमानिक व्हायचं म्हणून. पण प्रशिक्षण चालू असताना मोटारीचा भीषण अपघात झाला, दोन्ही हात मोडले आणि विमान कायमचं सुटलं. हातांत ताकद यावी म्हणून तो तुलाँजवळच्या समुद्रात पोहू लागला. १९३६ साली फिलिप ताये नावाच्या नौदलातल्या दोस्ताने त्याला पाण्यात वापरायचा गॉगल दिला. कुस्तोने डोकं पाण्याखाली घातलं आणि गडी तिथेच अडकला, तो जन्मभरासाठी.

अडचण एकच, श्वास. दम रोखून किती वेळ खाली राहणार? तेव्हाचे पाणबुडे तांब्याचं अवजड शिरस्त्राण घालून, वरच्या बोटीला नळीने बांधलेले असत. सुट्या सिलिंडरची यंत्रं होती, पण त्यातली हवा हाताने कॉक फिरवून सोडावी लागे आणि बरीचशी फुकट जाई. गंमत म्हणजे मागणीनुसार हवा देणारं यंत्र फ्रान्समध्येच १८६० च्या दशकात बनलं होतं. भा. रा. भागवतांमुळे मराठी घराघरात पोचलेल्या ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोचे लोक तेच तर वापरतात! पण तेव्हा भरपूर दाबाची हवा साठवतील असे सिलिंडर नव्हते, मग ते यंत्र मागे पडलं. कुस्तोने शुद्ध ऑक्सिजनही वापरून पाहिला. ऑक्सिजन थोड्या खोलीवरच विषासारखा वागतो. त्याला पाण्याखाली दोनदा झटके आले, थोडक्यात वाचला.

आता या पेट्रोलच्या भानगडीकडे. १९४२. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, गाड्यांना पेट्रोल नाही. पॅरिसमध्ये एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर एमिल गान्यां गाड्या गॅसवर चालाव्यात म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह बनवत होता. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडायचा, एवढंच त्याचं काम. कुस्तोची बायको सिमोन हिचे वडील त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे भेट जमून आली. इंजिनाच्या जागी माणसाची फुप्फुसं ठेवा, झालं काम!

झालं मात्र नाही. जानेवारी १९४३ मध्ये, गोठवणाऱ्या थंडीत, कुस्तो पॅरिसजवळ मार्न नदीत उतरला. आडवा असला की सगळं छान. उभा राहिला की हवा भसाभस वाया. डोकं खाली केलं की श्वासच अडकायचा. म्हणजे खाली सूर मारायची सोय नाही, मग हा पाणबुड्या कसला?

इथे जरा थांबा, कारण खरी अक्कल इथेच लागली. रेग्युलेटर पाठीवर होता, पण उच्छ्वास बाहेर पडायची जागा त्याच्या पातळीत नव्हती. उभं राहिलं की ती वर जायची, उलटं झालं की खाली. फरक जेमतेम वीतभर, पण पाण्यात तेवढ्यानेही दाब बदलतो आणि व्हॉल्व्ह फसतो. उपाय सोपा निघाला. बाहेर पडणारी हवाही पाठीवरच, रेग्युलेटरच्या अगदी शेजारून सोडायची. जुन्या स्कूबाच्या फोटोत तोंडाच्या दोन्ही बाजूंनी जाड रबरी नळ्या दिसतात ना, त्या यासाठी. एक हवा आणते, दुसरी नेते.

जून १९४३ मध्ये बाँदोलच्या स्टेशनवर पॅरिसहून लाकडी खोका आला. सिमोन वर पोहत नजर ठेवून, मित्र फ्रेडरिक द्युमा किनाऱ्यावर तयार आणि कुस्तो खाली. सरळ, आडवा, उलटा, कोलांट्या मारत. कुठेही श्वास अडला नाही! येताना गुहेतले लॉब्स्टर घेऊन आला. युद्धाच्या टंचाईत ती चैनच होती.

सगळं असंच गोड झालं नाही. ऑगस्ट १९४६ मध्ये व्होक्लूझच्या खोल झऱ्यात कुस्तो आणि द्युमा उतरले आणि आत बेशुद्धीच्या काठावर गेले. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःचाच धूर आत ओढला होता. सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड! वर दोरी धरून उभ्या असलेल्या मॉरिस फार्गने त्यांना ओढून काढलं. पुढच्याच वर्षी हाच फार्ग, हवेवर किती खोल जाता येतं हे पाहायला, दोरीवरच्या पाट्यांवर सही करत उतरला. सुमारे १२० मीटरवरच्या पाटीवर त्याची सही सापडली. तो वर आला तेव्हा तोंडातली नळी सुटलेली होती. एवढ्या खोलीवर नायट्रोजनची नशा माणसाला दारूसारखी चढते. कुस्तोच्या टोळीने त्यानंतर आपली मर्यादा आखून घेतली.

पुढचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. ‘कॅलिप्सो’ हे जुनं सुरुंगशोधक जहाज, वर्षाला एक फ्रँक भाड्याने. १९५६ च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या फिल्मला कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार, वर ऑस्कर. ती फिल्म आज बघाच, पण मन घट्ट करून. मासे मोजायला प्रवाळात चक्क डायनामाइट लावलंय, शार्क कुऱ्हाडीने मारलेत. हाच माणूस १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकायच्या बेताविरुद्ध उभा राहिला आणि नंतर अंटार्क्टिका वाचवायला जगभर फिरला. मला तो यामुळे जास्त खरा वाटतो. १९७९ मध्ये मुलगा फिलिप विमान अपघातात गेला, १९९० मध्ये सिमोन. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात बार्जच्या धडकेने ‘कॅलिप्सो’ बुडाली. २५ जून १९९७ ला कुस्तोही गेला.

यंत्रं मात्र अजून पाण्यात आहेत बरं का! युरोप-अमेरिकेत काही वेडे लोक दोन नळ्यांचे जुने रेग्युलेटर शोधतात, पितळ घासतात, कुजलेलं रबर काढून सिलिकॉनचे नवे पडदे बसवतात आणि खरोखर डाइव्ह करतात. बुडबुडे मानेमागून निघतात, त्यामुळे चेहऱ्यासमोर सगळं स्वच्छ, कॅमेऱ्यासाठी तर भारीच. पण सवय लागते. पालथं पोहताना श्वास जरा जोर लावून ओढावा लागतो, उताणं झालं की हवा स्वतःच तोंडात घुसते. हवा किती उरली हे दाखवणारा काटा बऱ्याच जुन्या सेटला नाही. श्वास जड झाला की पाठीमागची सळई ओढायची, राखीव हवा सुटते, आणि मुकाट वर यायचं. सळई आधीच चुकून ओढली गेली असेल तर राखीव काहीच नाही, म्हणून उतरण्यापूर्वी ती दोनदा तपासतात.

सगळ्यात पहिलं विक्रीला आलेलं मॉडेल होतं सीजी ४५. ते हाती लागलं की संग्राहक नाचतो. सी म्हणजे कुस्तो. जी म्हणजे गान्यां, तो गॅसच्या व्हॉल्व्हवाला.