हाईम सॅम्युएल केहीमकर
अलिबागनजीकच्या किहीम गावाचे नाव आडनावात वागविणारे केहीमकर हे बेने इस्रायल समाजाचे इतिहासकार होत. 1875 मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढण्यात ते अग्रणी होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा कोकणातील तेली समाज आपल्या प्रार्थनामंदिरास, मुसलमान शेजाऱ्यांप्रमाणेच, मशीद म्हणत असे. एका शब्दावर दोघांचा हक्क निर्वेधपणे नांदला. या समाजाचा इतिहास केहीमकरांनी 1897 मध्ये इंग्रजीत सिद्ध केला. पण त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. तो निघाला 1937 मध्ये, आणि तोही तेल अवीवला! पॅलेस्टाइनमध्ये अरबांचा उठाव आदल्याच वर्षी सुरू झाला होता आणि पील आयोगाने त्याच वर्षी त्या भूमीच्या फाळणीची शिफारस केली. 1948 नंतर केहीमकरांचे बहुसंख्य ज्ञातिबांधव मराठीसह तिकडे गेले.