थांबणाऱ्या मागाचा कारागीर

टोयोटाचं नाव निघालं की आपल्या हॉस्टेलवर गप्पा क्वालिस आणि इनोव्हावरच येऊन थांबतात. मेकॅनिकलच्या मंडळींनाही सांगावं लागतं, की या घराण्याचा मूळ पुरुष गाड्या बनवत नव्हता, कापडाचे माग बनवत होता. साकिची तोयोदा त्यांचं नाव.

जन्म १८६७ चा, आजच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यातला. वडील सुतार. शाळा थोडीफार झाली आणि पोरगा रंधा-पटाशी घेऊन बापाच्या हाताखाली लागला. घराघरांत बायका हातमागावर राबायच्या, आईसुद्धा. १८८५ मध्ये जपानात पेटंटचा कायदा आला आणि नवं यंत्र शोधायचं हे खूळ साकिचींच्या डोक्यात शिरलं. गावाला हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटला. १८९० मध्ये टोकियोच्या उएनोत औद्योगिक प्रदर्शन भरलं, तेव्हा हे गृहस्थ रोज जाऊन यंत्रांपुढे उभे! पुढच्याच वर्षी पहिलं पेटंट मिळालं, एका हाताने चालणाऱ्या लाकडी मागाचं.

१८९६ मध्ये त्यांचा यंत्रमाग तयार झाला. जपानी माणसाने बनवलेला हा पहिलाच. धोट्यातला आडवा धागा तुटला किंवा संपला की हा माग आपोआप थांबायचा. मला स्वतःला साकिचींचं खरं मोठेपण इथे दिसतं. यंत्र पळवायला सगळेच बघतात, हा माणूस ते थांबवायच्या मागे लागला. इचलकरंजी-भिवंडीकडच्या मित्रांना हे समजावायला नको. धागा तुटल्यावरही माग खडखडत राहिला तर कापड वाया, आणि तुटलेला धागा शोधायला प्रत्येक मागाशी माणूस उभा करायचा.

पण प्रयोग पैसा खातात. भागीदारांनी काढलेल्या कंपनीतून १९१० मध्ये साकिचींना राजीनामा द्यावा लागला. स्वतःच्या नावाची कंपनी, आणि तिच्यातच जागा नाही. वय त्रेचाळीस. ते उठून अमेरिका-युरोपला गेले, तिकडचे कारखाने पाहिले, आणि परत येऊन १९११ मध्ये नागोयात स्वतःचं विणकामघर उभं केलं. पुढे सूतगिरणीही काढली. कारण अगदी इंजिनिअरचं होतं: कापड बिघडलं तर दोष मागाचा की सुताचा, हे सूत खात्रीचं असल्याशिवाय कळणार कसं?

याच जागेवर १९९४ पासून टोयोटाचं उद्योग व तंत्रज्ञान संग्रहालय आहे. नागोयाच्या पुढचंच स्टेशन साको, तिथून पाच मिनिटं चाललं की लाल विटांच्या भिंती दिसतात. दारातच गोल माग उभा आहे. याची कल्पना साकिचींची, १९०६ सालची. धोटा मागेपुढे फेकण्याऐवजी वर्तुळात फिरवायचा! कल्पना देखणी, पण धंदा मिळवून दिला तो दुसऱ्याच मागाने.

तो म्हणजे १९२४ चा जी टाइप. मुलगा किइचिरो तोवर टोकियोहून मेकॅनिकल शिकून आला होता, त्याचाही यात हात होता. माग पूर्ण वेगात चालू असताना रिकामा धोटा बाहेर पडतो आणि भरलेला आत जातो. उभ्या धाग्यांवर पातळ पट्ट्या तोललेल्या असतात. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग बंद. सेन्सर नाही, वायर नाही, नुसतं वजन आणि दांडे! आपल्या टीक्यूएमच्या पेपरात येणारा जिदोका तो हाच.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाच्या हक्कांसाठी १ लाख पौंडांचा करार केला. ज्यांच्याकडून जगाने माग घेतले, ते एका सुताराच्या पोराकडून घेऊ लागले. पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९३० ला साकिची गेले. कारखान्यात मोटारींचा विभाग निघाला १९३३ मध्ये, म्हणजे एकही टोयोटा त्यांनी पाहिली नाही.

कधी नागोयाला जाणं झालंच, तर संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते हे लक्षात ठेवा. आणि गाड्यांच्या दालनाकडे धावू नका. आधी मागांच्या दालनात जा, तिथली माणसं माग चालवून दाखवतात.