रायगडावरच्या समाधीसाठी पै-पैसा जमवणारे लोकमान्य

महाड : रोपवेने किंवा पायऱ्यांनी रायगडावर गेलेला माणूस जगदीश्वराचं दर्शन घेऊन शिवरायांच्या समाधीसमोर माथा टेकवतोच. पण आज दिसणारं हे बांधकाम लोकांच्या वर्गणीतून सुरू झालं आणि त्याला तीस वर्षं लागली, हे नव्या पोरांना फारसं ठाऊक नाही. त्या वर्गणीमागे उभे राहिलेले गृहस्थ म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक.

टिळक आपल्या कोकणचेच. जन्म 23 जुलै 1856, रत्नागिरीचा. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. वडील शिक्षक होते. टिळक दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं. गणित हा त्यांचा आवडता विषय. वकिलीची परीक्षा पास झाले, पण सरकारी नोकरीच्या वाटेला गेले नाहीत. 1880 साली मित्रांसोबत शाळा काढली, 1881 मध्ये केसरी आणि मराठा ही वर्तमानपत्रं सुरू केली.

त्या काळी गडावर रान माजलं होतं आणि समाधी ढासळलेली होती. महात्मा फुल्यांनी 1869 मध्येच शिवरायांवर पोवाडा लिहून लोकांना जागं केलं होतं. पुढे 1883 मध्ये जेम्स डग्लस या इंग्रजाने आपल्या पुस्तकात समाधीच्या दुर्दशेबद्दल लिहिलं, तेव्हा शिकल्या-सवरल्या लोकांनाही लाज वाटली. सरकारने देखभालीला रक्कम मंजूर केली ती किती, तर वर्षाला 5 रुपये!

1895 मध्ये टिळकांनी हा विषय केसरीतून लावून धरला. 30 मे 1895 रोजी पुण्यात हिराबागेत मोठी सभा झाली आणि स्मारकासाठी फंड उघडला. सरदार, संस्थानिक यांनी पैसे दिलेच, पण विद्यार्थ्यांनी आणि साध्या माणसांनी दिलेले आणेही त्यात होते. कोणी किती दिले ते केसरीत छापून यायचं. त्यामुळे लोकांचा विश्वास बसला.

1896 साली रायगडावर उत्सव भरला. गड जंगल खात्याकडे असल्याने परवानगीसाठी खटपट करावी लागली. रस्ता धड नव्हता, तरी लोक चढून आले. गावोगावीही उत्सव होऊ लागले. भाषणं, कीर्तनं, पोवाडे यांतून इतिहास कळायचा आणि वर्गणीही जमायची. त्याच वर्षी दुष्काळ पडला. तेव्हा पीक बुडालं असेल तर सारा माफ करून मागणं हा तुमचा कायद्याने हक्क आहे, हे टिळकांनी शेतकऱ्यांना समजावून सांगितलं. म्हणजे गडाचं काम करताना रयतेला विसरले नाहीत.

या भाषणांची किंमतही मोजावी लागली. जून 1897 मध्ये पुण्यातल्या शिवउत्सवाचा वृत्तांत केसरीत छापला आणि काही दिवसांतच रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि 18 महिन्यांची सजा दिली. पुढे 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. 1914 मध्ये सुटून आले.

इकडे फंडाचं काय झालं? ज्या बँकेत पैसे ठेवले होते ती बँकच बुडाली. त्यावरून तेव्हाही बोललं गेलं, आजही व्हॉट्सअपवर भांडणं होतात. पण काम सोडून दिलं गेलं नाही. पुन्हा पैसे जमवले, पुरातत्त्व खात्यानेही हातभार लावला आणि 1926 च्या सुमारास समाधीचं बांधकाम पुरं झालं. टिळकांना मात्र ते पाहायला मिळालं नाही. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचं निधन झालं होतं.

आपल्याही गावात पडकं देऊळ, बारव, वीरगळ असतोच. दरवर्षी जयंतीला डीजे वाजतो, वर्गणी फाडली जाते. त्यातला थोडा पैसा बाजूला काढून एखाद्या जाणत्याचं व्याख्यान ठेवलं आणि जमा-खर्चाचा कागद चावडीवर लावला, तर एक बारव तरी नक्की साफ होईल. पैसे कुठे ठेवले आहेत यावर मात्र साऱ्या गावाचं लक्ष हवं. बुडालेल्या फंडाने तेवढं शिकवलंच आहे.