चढाला गिअर देणारे वेलोसियो

हँडलला भाजीच्या दोन पिशव्या, कॅरिअरवर गिरणीतून आणलेला पिठाचा डबा आणि समोर चढ. अशा वेळी एका गिअरची साधी सायकल चालवणारा माणूस मुकाट्याने खाली उतरतो आणि सायकल ढकलू लागतो. सपाट रस्त्यावर सामान वाहायला इतके सोयीचे असलेले वाहन चढावर स्वतःच एक ओझे होऊन बसते. या अडचणीवरचा उपाय आज सायकलच्या कोणत्याही दुकानात मिळतो. पण बदलता येणारे गिअर ही दुबळ्यांची सोय आहे, असे मानण्याचा एक काळ होता. त्या समजुतीविरुद्ध जवळजवळ आयुष्यभर झगडलेले गृहस्थ म्हणजे फ्रान्सचे पॉल द विव्ही. सायकलच्या जगात ते ‘वेलोसियो’ या टोपणनावाने ओळखले जातात.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या गावी झाला. तरुणपणी ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि तिशी उलटण्याआधीच त्यांनी स्वतःची पेढी काढली. त्यांचे कार्यक्षेत्र होते सेंत एतियेन हे शहर. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती यांसाठी ते प्रसिद्ध होते. रोमप्रमाणे यालाही सात टेकड्यांचे शहर म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराची दक्षिणेकडची वेस ओलांडली, की ‘कोल द ला रेप्युब्लिक’ या खिंडीचा चढ सुरू होतो. बारा-तेरा किलोमीटरचा हा रस्ता ११६१ मीटर उंचीवर पोहोचतो. वेलोसियोंची पुढची सगळी प्रयोगशाळा म्हणजे हा रस्ता.

१८८१ मध्ये त्यांनी पहिली सायकल घेतली. ती उंच चाकाची होती. त्या सायकलींमध्ये पेडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असे. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत पोहोचले होते. सहा तासांत शंभर किलोमीटर जाण्याचे आव्हान एका मित्राने दिले, आणि त्या रपेटीनंतर सायकलने त्यांचा पुरता ताबा घेतला. १८८७ मध्ये त्यांनी रेशमाचा धंदा विकला, शहरात सायकलींचे दुकान उघडले आणि एक मासिक सुरू केले. हेच पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने गाजले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून सायकली मागवता मागवता त्यांनी १८८९ मध्ये ‘ला गोलवाझ’ नावाची स्वतःची सायकल बाजारात आणली. तिला दोन सारखी चाके होती, चेन होती, पण गिअर एकच होता.

खिंडीतला धडा

चेन आल्यामुळे चाकाचा आकार आणि सायकलचा वेग यांची फारकत झाली. पुढच्या दातेरी चक्राला किती दाते आणि मागच्याला किती, यावर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाणार हे ठरू लागले. असे सांगतात, की एकदा वेलोसियो खिंडीचा चढ चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक वाचक पाइप ओढत आरामात त्यांना मागे टाकून गेला. सायकल चढासाठी हलकी केली तर सपाटीवर पाय नुसते गरगरतात, आणि सपाटीसाठी जड ठेवली तर चढावर दम निघतो. मग एकाच सायकलमध्ये दोन्ही का असू नयेत, हा प्रश्न त्यांना सतावू लागला.

सुरुवातीचे उपाय ओबडधोबड होते. पुढे दोन दातेरी चक्रे बसवायची, आणि चढ आला की हाताने चेन एकावरून दुसऱ्यावर टाकायची. पुढे इतर कारागिरांच्या प्रयत्नांची भर पडत गेली आणि चालता चालता चेन सरकवणारी यंत्रणा, म्हणजे आजचा डिरेलर, आकाराला आली. तो एकट्या वेलोसियोंचा शोध नव्हे. मात्र प्रत्येक नवी युक्ती स्वतःच्या सायकलला लावायची, खिंडीत घेऊन जायची आणि तिचे गुणदोष मासिकात मांडायचे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्याच शहरातल्या एका मोठ्या कारखान्याने पुढे एक मजेशीर सायकल विकली. तिची पेडल पुढे मारली तर एक गिअर आणि उलटी मारली तर दुसरा, हलका गिअर लागे. दोन्ही वेळा सायकल पुढेच जाई.

ओझ्याचे गणित

गिअरमुळे नेमके काय होते? चढावर वजन वर नेण्यासाठी लागणारे एकूण काम गिअरने कमी होत नाही. ते वजन आणि उंची यांवरच ठरते. गिअर ते काम लहान लहान हप्त्यांत वाटून देतो.

एक उदाहरण घेऊ. माणूस ७५ किलोचा, सायकल १५ किलोची आणि सामान २० किलोचे, म्हणजे सगळे मिळून ११० किलो. चढ ६ टक्के, म्हणजे १०० मीटर अंतरात ६ मीटर उंची. इथे सायकलला मागे खेचणारा जोर साधारण साडेसहा किलो वजनाइतका असतो. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलसारखी एका गिअरची सायकल पेडलच्या एका फेऱ्यात सव्वापाच-साडेपाच मीटर जाते. तिच्या पेडलवर सरासरी ३३ किलोइतका दाब सतत द्यावा लागेल. पेडल वर-खाली असताना पायाचा जोर लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ऐन दाबाच्या वेळी तो याहून पुष्कळ जास्त भरतो. तोच चढ एका फेऱ्यात दोन मीटर नेणाऱ्या हलक्या गिअरवर चढला, तर सरासरी दाब १२ किलोंवर येतो.

फरक पायांच्या गतीतही आहे. ताशी ६ किलोमीटर वेगाने हा चढ चढायचा तर पहिल्या सायकलवर मिनिटाला जेमतेम १८-१९ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पाय अडतो, सायकल डगमगते आणि शेवटी माणूस उतरतो. दुसऱ्या सायकलवर मिनिटाला ५० फेरे होतात आणि पाय एका लयीत फिरत राहतात. स्नायूंवर एकेका दाबाचा ताण जितका मोठा, तितके ते लवकर थकतात आणि गुडघ्याच्या वाटीवरचा भारही वाढतो. म्हणून चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांना आणि सामान वाहणाऱ्यांना हलका गिअर विशेष मानवतो.

पुरुषार्थाचा प्रश्न

हे गणित कळायला अवघड नव्हते. अडचण मानाची होती. सायकल म्हणजे शर्यत आणि शर्यत म्हणजे पायांतले बळ, असा त्या काळचा हिशेब होता. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतातल्या तूर्माले या अवघड चढावर सायकलींची परीक्षा घेतली. त्यात मार्त हेस या महिलेने गिअर असलेल्या ‘ला गोलवाझ’वर तो चढ पार केला. ही हकिगत सायकलच्या इतिहासात आजही सांगितली जाते. पण क्रीडा दैनिकाचे संपादक आणि पुढे ‘टूर द फ्रान्स’ शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना ते पटले नाही. गिअर पंचेचाळिशीपुढच्यांसाठी ठीक आहेत, स्नायूंच्या जोरावर जिंकण्यातच खरी मर्दुमकी आहे, अशा आशयाचे त्यांचे मत होते.

१९०३ ची पहिली टूर वेलोसियोंच्या त्याच खिंडीतून गेली. पुढची कित्येक वर्षे या शर्यतीतले खेळाडू चढ आला की खाली उतरत, मागचे चाक काढत आणि दुसऱ्या बाजूचे दातेरी चक्र चेनला येईल असे उलटे करून बसवत. डिरेलरला टूरमध्ये परवानगी मिळाली ती १९३७ साली. वेलोसियोंना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

शर्यतवाले काय म्हणतात याची वेलोसियोंना फारशी पर्वा नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो सर्वसाधारण माणूस: कामधंदा सांभाळून सायकल चालवणारा, फारसा दणकट नसलेला, पाठीशी सामान बांधून दूर जाऊ पाहणारा. ईस्टरच्या सुट्टीत ते सेंत एतियेनहून प्रोव्हान्सकडे लांबलांबच्या रपेटी काढत. साठी उलटल्यावरही त्यांचा हा क्रम चालू होता.

खाणे, पिणे, थांबणे

या रपेटींतून त्यांनी आरोग्याचे काही नियम बांधले. थांबे थोडे आणि लहान असावेत. भुकेने व्याकूळ होण्याआधी थोडे थोडे खावे, तहान लागण्याआधी प्यावे. अन्न आणि झोप नकोशी होईल इतके थकू नये. निदान प्रवासात तरी दारू, मांस आणि तंबाखू टाळावी. पहिल्या काही तासांत जोर जपून वापरावा. आणि निव्वळ दिमाखासाठी पेडल मारू नये. ते स्वतः शाकाहारी होते.

यातले बरेचसे आजच्या व्यायामशास्त्राला मान्य आहे. स्नायूंतला आणि यकृतातला पिष्टमय पदार्थांचा साठा जोरकस श्रमांत दीड-दोन तासांत संपत येतो. म्हणून लांबच्या श्रमात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यायला सांगतात. मोठे केळे खाल्ले की साधारण ३० ग्रॅम मिळतात. पाण्याबाबत मात्र आता थोडी सावधगिरी सांगितली जाते. तहान नसताना भराभर पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घटू शकते. त्यामुळे पाणी जवळ ठेवावे, तहानेकडे दुर्लक्ष करू नये आणि अतिरेकही करू नये. जोर जपून वापरण्याचा नियम तर ओझे घेऊन चढ चढणाऱ्याने पाठच करावा. चढाच्या पायथ्याशीच दम घालवला, तर माथ्यापर्यंत तो परत मिळत नाही.

अखेर आणि वारसा

चाहत्यांनी खिंडीच्या रस्त्यावर त्यांच्या सन्मानार्थ स्मारक उभारले. १९२२ पासून, ते हयात असतानाच, सायकलस्वारांनी एकत्र खिंड चढण्याचा ‘वेलोसियो दिन’ही सुरू झाला. २७ फेब्रुवारी १९३० च्या सकाळी ते रोमन तत्त्वज्ञ सेनेका वाचत होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नंतर ते सायकल हातात धरून शहरातला गजबजलेला रस्ता ओलांडत होते. एका मोटारीला चुकवण्यासाठी मागे सरकले, आणि ट्रामची धडक बसून मरण पावले. त्यांचे वय तेव्हा ७६ वर्षे होते. आयुष्यभर डोंगर चढलेल्या माणसाला मृत्यू गाठला तो शहरातल्या रहदारीत.

आज जगभरातल्या चढ-उताराच्या शहरांत लोक लांब कॅरिअरच्या, पुढे पेटी असलेल्या किंवा मागे दुचाकी ट्रेलर जोडलेल्या सायकलींवरून किराणा आणि मुले नेतात. या सायकलींना बळ मिळते ते हलक्या गिअरमुळेच. विजेची मोटर आल्यावरही ही गरज सरली नाही. पेडलजवळ बसवलेली मोटर आपला जोर चेनमार्फतच देते. त्यामुळे जड गिअरवर चढ चढताना तीही माणसासारखीच धापा टाकते.

ओझ्याच्या सायकलला आणखी दोन गोष्टी लागतात. वजन शक्य तितके खाली असावे, कारण चढावर वेग कमी झाला की उंचावरचे ओझे तोल घालवते. ट्रेलरमध्ये बहुतेक भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर राहतो, म्हणून तोल सांभाळणे सोपे जाते. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रेक. वजन दुप्पट झाले, की तोच उतार उतरताना ब्रेकना दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर उतारावर तो सायकलला मागून ढकलत असतो हे विसरू नये.

टेकाडाच्या वस्तीत राहणाऱ्या आणि बाजारहाट सायकलने करू पाहणाऱ्या माणसाने दुकानात गेल्यावर गिअर किती आहेत हे विचारण्यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे विचारावे. पुढचे सर्वांत लहान चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्राएवढे किंवा त्याहून लहान असेल, तर पिठाच्या डब्यासकट चढ चढता येईल. आणि त्या गिअरवर कुणी मागून पुढे निघून गेले, तर त्याला खुशाल जाऊ द्यावे.