दिवसाला एक मिलिमीटर: काहाल आणि तुटलेली नर्व्ह

मागच्या वर्षी काच लागून माझ्या डाव्या तर्जनीच्या मुळाशी नर्व्ह कापली गेली. सर्जननी ती शिवली, जखम भरली, पण बोटाचं टोक बधिरच. की-बोर्डवर ‘एफ’चा उंचवटा हाताला लागेना. आपण पडलो इंजिनिअर. वाटलं, केबल जोडली की सिग्नल लगेच यायला हवा. मग येत का नाही? शोधताना सांतियागो रामोन इ काहाल सापडले.

काहाल यांचा जन्म १८५२ चा, स्पेनमधला. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. शरीररचना शिकवणाऱ्या वडिलांनी डॉक्टर केलं. क्युबात लष्करी डॉक्टर असताना मलेरियाने पार खिळखिळे झाले. परत आल्यावर पदरच्या पैशाने मायक्रोस्कोप घेतला. १८८७ मध्ये गोल्जी यांची चांदीच्या क्षाराने पेशी रंगवायची पद्धत पाहिली आणि चित्रकाराचा हात कामी आला. मज्जासंस्था म्हणजे सलग जाळं नसून सुट्या पेशी आहेत, असं त्यांनी मांडलं. गोल्जींना ते पटलं नाही. तरी १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता नर्व्हकडे येऊ. तिच्यात तंतूंचे जुडगे असतात. अनेक तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, ते श्वान पेशी बनवतात. नर्व्ह तुटली की पुढचा तुकडा मरतो, हे वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकावर दाखवलं होतं. वाद होता तो नवा तंतू कुठून येतो याचा. काहींच्या मते पुढच्या तुकड्यातल्या पेशीच तो बनवतात. काहाल यांनी चांदीच्या नव्या रंगाने दाखवलं की कोंब मागच्या जिवंत टोकालाच फुटतात. श्वान पेशी मेलेलं मायलिन साफ करायला लागतात, रांगेत उभ्या राहतात आणि कोंबाला वाट दाखवतात. म्हणजे ही केबल जोडली जात नाही, नव्याने वाढते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

मेंदू आणि मज्जारज्जूत मात्र कोंब फुटतात आणि थांबतात, हेही त्यांनी १९१३-१४ च्या दोन खंडांच्या ग्रंथात नोंदवलं. १९३४ मध्ये ते माद्रिदला वारले. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

माझं नशीब, माझी नर्व्ह बोटातली होती. चौथ्या महिन्यात एका रात्री कोड लिहिताना टोकाला मुंग्या आल्या. थांबलो, बोट फिरवलं. ‘एफ’चा उंचवटा पुसटसा लागला.